कॅम्पातल्या पाट्या

जांभूळला रात्री नऊ वाजले की रस्ता निजतो. बारवी धरणाचे पाणी इथल्या केंद्रात शुद्ध होते आणि मोठ्या नळांतून उल्हासनगर, अंबरनाथ आणि त्यापलीकडच्या शहरांकडे जाते. हवा चांगली, भाडे परवडणारे, मुलांना धावायला जागा. नातेवाईक म्हणतात, सुटलात एकदाचे त्या गर्दीतून. आम्हीही हो म्हणतो. पण रविवार उजाडला की पिशवी काढतो आणि नळातल्या पाण्यासारखे आपोआप उल्हासनगरकडे निघतो. या कॅम्पात आम्ही सहा वर्षे भाड्याच्या खोलीत काढली. पंखा लावला तर बाहेरचा आवाज कमी होत नसे आणि पंखा बंद केला तर शेजाऱ्यांची भांडणे स्पष्ट ऐकू येत. तरीही इतकी मजा आम्हाला दुसरीकडे कुठे आली नाही. ती मजा कशाकशाची होती, हे सांगायचे तर त्या शहराचा इतिहास सांगावा लागतो, कारण तिथे मजेचा आणि इतिहासाचा पत्ता एकच आहे.

पत्ता म्हणजे नंबर. कॅम्प एक ते कॅम्प पाच, मग सेक्शन, मग बराक. आजही लोक असाच पत्ता सांगतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळच्या माळरानावर लष्करी छावणी उभारली, तिचे हे नंबर. युद्ध संपले, सैनिक गेले, बराकी ओस पडल्या. मग फाळणी झाली. सिंधमधले हिंदू लगेच निघाले नव्हते. बरेच जण आज ना उद्या सगळे शांत होईल म्हणून थांबले होते. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि त्यांचा धीर सुटला. कराची बंदरातून बोटीमागून बोटी मुंबईला येऊ लागल्या. मुंबईत एवढी माणसे ठेवायची कुठे? सरकारला कल्याणच्या रिकाम्या बराकी आठवल्या. लाखाच्या आसपास माणसे त्यांत आली. एकेका लांब बराकीत गोणपाटाचे आणि जुन्या साड्यांचे पडदे बांधून अनेक कुटुंबांनी संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. जवळून उल्हास नदी वाहते, तिचे नाव लागलेच. पण उल्हास म्हणजे आनंद. घरदार सोडून आलेल्या, पडद्याआड निजणाऱ्या माणसांच्या वस्तीला आनंदनगर म्हणायचे, हे धाडसच म्हटले पाहिजे. आम्ही शाळेत हिजरतीचा धडा शिकवतो तेव्हा सांगतो की मदिन्यात मुहाजिरांना अन्सार भेटले, त्यांनी अर्धी भाकरी, अर्धे घर पुढे केले. या मुहाजिरांना बराकी भेटल्या. आमच्या लोकांनी अन्सार व्हावे असे ते दिवसच नव्हते.

आमच्या वाचकांत कोकणातले पुष्कळ आहेत. त्यांना हे ठाऊक असेल की जहाजांवर खलाशी म्हणून आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जात आली. मुंबई-कराची हा रस्ता त्यांच्या पायाखालचा, म्हणजे खरे तर पाण्याखालचा. कोणी कराचीला राहिले, बायकामुले तिकडे नेली, नंतर सरहद्द पडली आणि राहिले ते राहिले. आमच्या आजोबांचे एक चुलतभाऊ असेच गेले. त्यांची उर्दूतली पत्रे लहानपणी आम्ही पाहिली आहेत. गावातले त्यांचे घर पावसात बसले, तिथे आता एक फणस आहे. तेव्हा कॅम्पात राहायला आलो त्या वेळी आमच्या मनात थोडी भीती होती. आपले नाव ऐकून या लोकांच्या मनात काय येत असेल? घरमालकाने नाव विचारले. आम्ही सांगितले. तो म्हणाला, ‘साईं, भाडे पाच तारखेला.’ एवढाच आमचा फाळणीवरचा पहिला संवाद.

साईं हा शब्द कानावर पडला आणि आम्ही निम्मे घरचे झालो. आमच्याकडे साईं म्हणजे फकीर, दर्ग्यातला. तिथे भाजीवाला साईं, गिऱ्हाईक साईं, पोलीसही साईं. पहिल्या महिन्यात आमचा मोठा विरंगुळा शब्द जमवण्याचा होता. उर्दूत पाणी या शब्दात ‘न’ आहे, ‘ण’ हे अक्षरच नाही. मराठी घरातून आलेली मुले उर्दू वाचताना ‘पाणी’ म्हणतात आणि आम्ही त्यांना सुधारतो. सिंधीत मात्र मराठीसारखाच ठणठणीत ‘पाणी’ आहे. अरबी वळणाच्या लिपीत हा ‘ण’ लिहायची सोय सिंध्यांनी केली आहे. नूनवर छोटासा तो’ए बसवला की झाला ‘ण’. आम्हाला हे पाहून एवढा आनंद झाला की दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर काढून दाखवला. मुले हसली. आपण उगाचच मार खाल्ला, असा त्यांच्या चेहऱ्यावर भाव होता.

हा ‘ण’ आम्हाला पाटीवर भेटला. कॅम्पात आमचा सगळ्यात मोठा छंद पाट्या वाचण्याचा. मिठाईवाला, शिंपी, धर्मशाळा, वैद्य, सत्संगाचे सभागृह, संगमरवरात कोरलेली देणगीदारांची नावे. जुन्या पाट्यांवर सिंधी आहे आणि ती उजवीकडून डावीकडे लिहिलेली. मराठी माणूस ती पाहून म्हणतो, इथे उर्दूत का लिहिले आहे? उर्दू माणूस पाहतो आणि अडखळतो, कारण अक्षरे ओळखीची पण टिंबे जास्तीची. सिंधीची बावन्न अक्षरे आहेत. ‘बे’च्या खाली एक नुक्ता आम्हाला माहीत. तिथे एकाखाली एक दोन नुक्ते असले की निराळेच अक्षर होते. त्याचा उच्चार करताना श्वास बाहेर सोडायचा नाही, आत ओढायचा. असे चार उच्चार सिंधीत आहेत. देवनागरीत सिंधी लिहिताना त्या चार अक्षरांखाली आडवी रेघ देतात.

या लिपीची गोष्ट आपल्यालाही जवळची आहे. इंग्रजांनी १८४३ साली सिंध जिंकला, पुढे तो मुंबई इलाख्याला जोडला आणि १९३६ च्या १ एप्रिलपर्यंत तो मुंबई इलाख्यातच होता. म्हणजे रत्नागिरी आणि शिकारपूर एका गव्हर्नरच्या हाताखाली. त्या वेळी सिंधी माणसे अनेक लिप्यांत लिहीत. व्यापाऱ्यांची हटवाणिकी होती, आपल्याकडच्या मोडीसारखी भराभर हिशेब लिहायची. मुसलमान अरबी अक्षरांत लिहीत, पण त्याला एकच वळण नव्हते. बार्टल फ्रिअर हे सिंधचे कमिशनर असताना १८५३ साली बावन्न अक्षरांची अरबी वळणाची लिपी ठरली. हेच फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले आणि त्यांनी मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले. १८६८ साली मुंबई सरकारने नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यावर वेगळी कामगिरी सोपवली. हिंदू व्यापाऱ्यांची खुदाबादी लिपी सुधारून शाळांत चालवायची. ती फार चालली नाही. कचेरीत अरबी लिपी, नोकरी कचेरीत, म्हणून हिंदू मुलेही अरबी लिपीच शिकली. वैद्यांचे नाव मात्र कराचीत टिकले. तिथले सगळ्यात जुने सरकारी हायस्कूल आजही नारायण जगन्नाथ यांच्याच नावाने चालते. कराचीची मुसलमान मुले हे नाव छातीवर लावून शाळेत जातात, हे आमच्या शिक्षक मित्रांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही.

फाळणीनंतर इकडे आलेल्या सिंध्यांत लिपीवरून कडाक्याचा वाद झाला. जयरामदास दौलतराम यांच्यासारखे पुढारी म्हणाले, हिंदुस्थानात राहायचे तर देवनागरी घ्या. लेखक-शिक्षक म्हणाले, आमचे सगळे साहित्य या अक्षरांत आहे, ते कुठे टाकू? सरकारने आधी देवनागरी मान्य केली, मग १९५१ साली अरबी लिपीलाही मान्यता दिली. १९६७ साली सिंधी घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. पण जिला राज्य नाही, तिची कचेरी कुठली? वाद दोन लिप्यांचा, आणि मुले गेली इंग्रजी शाळेत. कॅम्पातल्या सिंधी माध्यमाच्या शाळा एकेक करून रिकाम्या झाल्या. घरी दखनी किंवा कोकणी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी आणि नोकरीच्या अर्जात इंग्रजी अशी कसरत करणाऱ्या आमच्या समाजाला हे सविस्तर सांगायची गरज नाही.

आता खाण्याकडे वळू, नाहीतर वाचक म्हणतील मजेच्या नावाखाली मास्तरने व्याकरण शिकवले. रविवारची सकाळ डाळ-पकवानाची. पकवान म्हणजे मैद्याची कडक, फुगू न दिलेली पुरी. तिच्यावर चण्याची घट्ट डाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. रमजानमध्ये हे बंद असे, पण ईदनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही हटकून रांगेत असायचो. कोकी म्हणजे कांदा-मिरची घातलेली जाड रोटी, ती प्रवासात दोन दिवस टिकते. होळीला घीयर, म्हणजे तळहाताहून मोठी जिलबी. आणि पापड. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात, तिथे पाण्याबरोबर पापड. हा पापड नुसता खाण्याचा नाही. बराकीतल्या बायकांनी पापड लाटून विकले, पोरांनी लोकलच्या डब्यांत गोळ्या-बिस्किटे विकली, म्हणून चुली पेटल्या. जुने लोक सांगतात, माल खरेदीच्याच भावाने विकायचा आणि रिकामी खोकी विकून येईल तो नफा धरायचा. व्यापाराच्या पुस्तकात हे बसत नाही, पण बाजार मात्र असाच बसला. कपड्याचे गजानन मार्केट, जपानी बाजार, फर्निचर बाजार, पुढे जीन्सचे कारखाने. नकली मालावर ‘मेड इन यूएसए’ असे छापून वर हे म्हणायला मोकळे की यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! हा विनोद बाहेरचे लोक करतात असे आम्हाला वाटे. पण तो आम्ही पहिल्यांदा एका सिंधी दुकानदाराकडूनच ऐकला, पेन विकत घेताना. पेन अजून चालते.

संध्याकाळी काही विकत न घेता बाजारातून चालत जाणे, ही फुकटची चैन. लग्नाचे कापड निवडणारी अंबरनाथची कुटुंबे, कल्याणच्या दूध नाक्यावरून आलेल्या बुरख्यातल्या बायका, उत्तरेकडून आलेले जीन्सचे कारागीर, कोळणी, हमाल. घासाघीस सिंधी, हिंदी आणि मराठीत एकदमच चाललेली. शेजाऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक गेले तर हेवा, पण शेजाऱ्याच्या घरी मयत झाली तर दोन्ही शटर खाली. आकाश स्वच्छ असले की दूर मलंगगडाचा डोंगर दिसतो. त्या दर्ग्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे आणि उरूस माघी पौर्णिमेला. त्यावरून राजकारणही भरपूर झाले आहे, ते वर्तमानपत्रांत वाचायला मिळते.

पावसाळ्यात चालिहो येतो. झुलेलालचे चाळीस दिवसांचे व्रत. कॅम्प पाचमध्ये चालिया मंदिर आहे, तिथे मोठी गर्दी होते. चालिहो म्हणजे चाळीस. आपले सुफी चिल्ल्याला बसतात तेही चाळीस दिवस, आणि चिल्ला हा शब्दही फारसीतल्या चाळीसवरूनच आला. झुलेलाल पाण्याचा देव, माशावर बसलेला, पांढऱ्या दाढीचा. तसबीर पहिल्यांदा पाहिली तेव्हा आम्हाला हजरत खिज्र आठवले आणि आपल्याला काहीतरी भलतेच सुचले म्हणून आम्ही गप्प बसलो. नंतर कळले की सिंधमध्ये उडेरोलाल या गावी एकाच आवारात हिंदूंचे मंदिर आणि मुसलमानांचा दर्गा आहे आणि तिथले मुसलमान त्यांना जिंदा पीर म्हणतात. सेहवानच्या लाल शहबाज कलंदरांच्या धमालीत त्यांना झुलेलाल म्हणूनच हाक मारतात. ती कव्वाली आमच्याकडच्या लग्नातही वाजते, पण या नावाकडे लक्ष कोणाचे? सिंध्यांचे तीन मोठे कवी म्हणजे शाह, सचल, सामी. पहिले दोघे मुसलमान सुफी, तिसरे हिंदू. शाह अब्दुल लतीफ भिटाई (१६८९–१७५२) यांच्या काव्यात मारुई नावाची मुलगी आहे. राजा उमर तिला पळवून उमरकोटच्या किल्ल्यात ठेवतो आणि ती रेशमी कपडे नाकारून आपल्या मलीरच्या माळाची आठवण काढत बसते. कॅम्पातल्या म्हाताऱ्या बायकांना मारुईची कहाणी तोंडपाठ असे. बराकीत बसून ती म्हणताना त्यांना काय वाटत असेल, ते आम्ही कधी विचारले नाही.

सगळेच गोड होते असे लिहिले तर ते खोटे होईल. कॅम्पात अनेक दुकानांत भगत कंवरराम यांची तसबीर असते. पायात घुंगरू बांधून गाणारा हा माणूस मुसलमान सुफींचे कलाम गायचा आणि त्याच्या श्रोत्यांत हिंदू-मुसलमान दोघेही असत. १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक स्टेशनवर त्यांना गोळ्या घातल्या. सक्करच्या मंजिलगाह मशिदीवरून तेव्हा आगडोंब उसळला होता. मारणारे कोण होते हे त्या तसबिरीखाली लिहिलेले नसते, पण आम्हाला आणि दुकानदाराला दोघांनाही माहीत असते. तसबिरीखाली उभे राहून आम्ही सुटे पैसे मोजतो, तो पिशवी देतो.

अशाच एका दुकानाच्या पाटीने आम्हाला पुढचा प्रसंग दाखवला. कपड्याचे जुने दुकान, वर पत्र्याची पाटी, रंग उडालेला. आम्ही सवयीने खालून एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचत होतो. आतून सत्तरीकडे झुकलेले शेठ बाहेर आले आणि म्हणाले, ‘तुम्हाला वाचता येते?’ आम्ही म्हटले, ‘उर्दू शाळेत शिकवतो.’ त्यांनी हात धरून आत बसवले. पाटी त्यांच्या वडिलांनी लावलेली. शेठ स्वतः बराकीत जन्मलेले, शिकले हिंदी शाळेत. सिंधी फर्डी बोलतात, पण वाचता येत नाही. गल्ल्याखालून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतले कागद काढले. ‘बाबांचे आहेत. काय लिहिले आहे, तीस वर्षे कोणाला विचारू कळले नाही.’

१९५० सालच्या कायद्याने निर्वासितांनी मागे सोडलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवून घेतले आणि १९५४ च्या कायद्याने भरपाई ठरली. हा त्या दाव्याचा घरगुती खर्डा होता. अक्षर बारीक, शाई फिकी. आम्हाला निम्मे शब्द कळत नव्हते. पण आम्ही अक्षरांवर बोट ठेवून नुसते उच्चार करायचे आणि शेठनी अर्थ सांगायचा, अशी युक्ती निघाली. दोघे मिळून एक वाचक झालो. शिकारपूर. ज्या गावचे व्यापारी बुखाऱ्यापर्यंत हुंड्या चालवायचे, ते शिकारपूर. झाकलेल्या बाजारात एक दुकान. दोन मजली घर, अंगणात कडुनिंब. मग चतुःसीमा. पूर्वेला रस्ता. पश्चिमेला भावाचे घर. दक्षिणेला मशिदीची भिंत. उत्तरेला एका सय्यदाचे घर. आणि अगदी खाली, दाव्याच्या आकड्यांशी काही संबंध नसलेली ओळ होती. किल्ली सय्यदांकडे.

शेठनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, ‘किल्लीचे बाबा कधी बोलले नाहीत.’ बराच वेळ कोणी काही बोलले नाही. आमच्या डोळ्यांसमोर मात्र कोकणातला तो फणस आला. आमच्या त्या आजोबांनीही निघताना किल्ली शेजारी ठेवली असेल काय? शेजारी कोण होते ते आम्हाला माहीत आहे, पण किल्लीचे विचारायला आता कोणी उरले नाही. शेठनी पोऱ्याला पाठवून फालुदा मागवला. दुपारचे बारा वाजले होते, दुकानात गिऱ्हाईक उभे होते, त्याला त्यांनी नंतर या म्हणून सांगितले. सिंधी दुकानदाराने उभ्या गिऱ्हाइकाला परत पाठवलेले आम्ही सहा वर्षांत तेवढ्या एकदाच पाहिले.

पुढे आम्ही जांभूळला आलो. कारण कॅम्पात इमारती जुन्या नसल्या तरी धड नाहीत. तेरा चौरस किलोमीटरच्या शहरात २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांवर माणसे. बराकींच्या जागी भराभर चढवलेले मजले, त्यांतले कितीतरी बेकायदा. २००६ साली सरकारला ते नियमित करण्यासाठी उल्हासनगरपुरता वेगळा कायदा करावा लागला. २०२१ च्या मे महिन्यात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली. त्यानंतर आमच्या खोलीच्या छताला तडा दिसला आणि घरात झोप कोणाला येईना. मजेची किंमत मुलांच्या जिवाने द्यायची नसते.

शेठच्या दुकानावर आता इंग्रजी फ्लेक्स आहे, रात्री दिवे लागतात. जुनी पाटी त्यांनी आत, कंवररामांच्या तसबिरीशेजारी टांगली आहे. रविवारी डाळ-पकवान झाले की आम्ही तिथे जातो. शेठची नात सातवीत आहे, इंग्रजी शाळेत. तिला आम्ही ती बावन्न अक्षरे शिकवतो आहोत. अलिफ, बे इथपर्यंत ठीक चालले. मग दोन नुक्त्यांचे ते ‘बे’ आले. आम्ही वहीत काढून दाखवले, पण उच्चार आमच्या तोंडून येईना. श्वास आत ओढायला गेलो तर ठसका लागला. मुलगी हसत सुटली. शेठ गल्ल्यावरून ओरडले, ‘मास्तर, तुम्ही नुसते लिहा, म्हणतो मी.’ त्यांनी ते अक्षर म्हटले, तिने म्हटले, आणि आम्ही वहीत त्याखाली पुढचे अक्षर काढले.